सक्करदऱ्यातली सिमेंटची जाळी

नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला. काळ्या बेसाल्टच्या भिंती आणि त्यांवर लाकडी कोरीव कामाचा साज, अशी त्याची बांधणी होती. आगीनंतर उरलं ते भव्य प्रवेशद्वार. लाकूड सगळं गेलं, आणि त्याबरोबर नागपूरच्या सुतारांच्या काही पिढ्यांचं हस्तकौशल्यही गेलं. मराठा वाड्यात सुताराची खरी परीक्षा होई ती खांबांवर नव्हे, तर कठड्यांच्या आणि खिडक्यांच्या जाळीत. खांब कोरताना चूक झाली तर ती नक्षीत लपवता येते. जाळीत लपवायला जागाच नसते, कारण तिथे लाकडाइतकंच मोकळ्या जागेलाही रूप द्यावं लागतं.

याच भोसल्यांनी शहराबाहेर तलाव आणि बागा केल्या. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी यांच्यासारखीच सक्करदऱ्याची बागही त्यांचीच. १९०८ साली रघुजीराव भोसल्यांनी सूफी संत ताजुद्दीन बाबांना मनोरुग्णालयातून सोडवून आणलं ते सक्करदऱ्याच्या वाड्यावर. आज सक्करदरा म्हटलं की चौकातली गर्दी, बुधवारचा बाजार आणि उमरेड रोडकडे पळणारी वाहनं आठवतात. कोरीव कामाची आठवण कुणाला होत नाही. पण आतल्या गल्ल्यांमध्ये शिरून जुन्या एकमजली-दुमजली घरांच्या जिन्यांकडे, व्हरांड्यांकडे आणि गच्चीच्या कठड्यांकडे पाहिलं तर जाळी तिथे अजून आहे. ती सागवानाची नाही, संगमरवराची नाही, सिमेंटची आहे. मला ती त्या जळालेल्या लाकूडकामाची खरी वारसदार वाटते, आणि तिच्याकडे कुणी नीट पाहत नाही याचं वाईट वाटतं.

सिमेंटच्या जाळीचा एक ठोकळा साधारण फूटभर लांब-रुंद आणि दोनेक इंच जाड असतो. लाकडी किंवा लोखंडी साच्याला तेल लावायचं, सिमेंट आणि चाळलेली वाळू घट्टसर कालवून भरायची, आत बारीक तार ठेवायची, साचा सोडवायचा आणि काही दिवस पाणी मारत राहायचं. एवढंच काम. पण असा एकटा ठोकळा हातात घेतला तर त्यावरची नक्षी अपुरी दिसते. चार बाजूंना आत झुकलेल्या चार कमानी, मध्ये ताणलेल्या चौकोनासारखी पोकळी, आणि कडांना अर्धवट पाकळ्या. फूल कुठेच नसतं. चार ठोकळे एकमेकांना लावले की जिथे चार कोपरे जुळतात तिथे चार पाकळ्यांचं फूल उमलतं. शिवाय प्रत्येक ठोकळ्याभोवती एक अख्खं वर्तुळ दिसू लागतं, जे त्या ठोकळ्यात पूर्ण मावतच नाही. त्याचा उरलेला भाग शेजारच्या ठोकळ्यांनी पुरवलेला असतो.

हे कागदावर करून पाहण्यासारखं आहे. ५ सेंटिमीटर बाजूचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर कंपासचं टोक ठेवा आणि साडेतीन सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ही त्रिज्या चौकोनाच्या कर्णाच्या जवळजवळ निम्मी आहे, म्हणून वर्तुळ चारही कोपऱ्यांतून जातं. सगळी वर्तुळं काढून झाली की प्रत्येक कोपऱ्यावर फूल तयार. फूल तुम्ही काढलेलंच नाही, वर्तुळं एकमेकांवर चढली म्हणून ते आपोआप निघालं. जाळीकामाचं सगळं शास्त्र इथून सुरू होतं: कारागीर आकार काढत नाही, आकार जिथे जन्माला येईल अशी रचना मांडतो.

आता त्रिज्या अर्ध्या सेंटिमीटरने कमी करा, म्हणजे ३ सेंटिमीटर. फूल नाहीसं होतं आणि त्याच्या जागी दुसरंच काही घडतं. प्रत्येक वर्तुळ आपल्या चार शेजाऱ्यांना दोन-दोन ठिकाणी छेदतं, म्हणजे एकूण आठ छेद. रेषांना जाडी देऊन पट्ट्या करा आणि एका छेदावर पट्टी वरून, पुढच्यावर खालून, परत वरून अशी नेत जा. आठवा छेद ओलांडून तुम्ही सुरुवातीला याल तेव्हा क्रम बरोबर जुळलेला असेल. सगळ्या कागदावर कडीत कडी अडकलेली दिसेल. गोफ विणताना रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे एकाच्या पुढून आणि दुसऱ्याच्या मागून जातात, तीच ही चाल. फक्त इथे नाचणारे थांबलेले आहेत आणि गोफ कागदावर उतरला आहे.

हा क्रम दरवेळी जुळतो, यामागे कारण आहे. बंद रेषेच्या आत दुसरी बंद रेषा शिरली तर तिला कुठून तरी बाहेर यावंच लागतं. म्हणून दोन बंद रेषांचे छेद नेहमी सम संख्येत पडतात आणि वर-खाली, वर-खाली ही चाल शेवटी बिघडत नाही. रेषा स्वतःलाच छेदत असली तरी हा नियम टिकतो. अट एकच, एका बिंदूवर दोनपेक्षा जास्त पट्ट्या येता कामा नयेत. मघाच्या साडेतीन सेंटिमीटरच्या जाळीत कोपऱ्यावर चार वर्तुळं एकत्र येतात, म्हणून तिथे गुंफण साधत नाही. फूल हवं की गुंफण हवी, हा निर्णय कंपासच्या अर्ध्या सेंटिमीटरवर ठरतो. अशी जाळी दगडात कोरणाऱ्या शेकडो वर्षांपूर्वीच्या पाथरवटांना यामागचं प्रमेय माहीत असण्याची गरज नव्हती. त्यांच्या हाताला ते माहीत होतं. खालून जाणारी पट्टी छेदाजवळ जवभर खोल उतरवायची आणि वरची तशीच ठेवायची, एवढ्याने सपाट शिळेत विणीचा भास निर्माण होतो.

चौकोन आणि वर्तुळांवरून चांदण्यांकडे गेलो की काम अवघड होतं. आठ, दहा, बारा टोकांच्या चांदण्या एकमेकींत अडकवून भिंतभर पसरवायच्या, मध्ये कुठेही ठिगळ दिसू द्यायचं नाही, हे जुने कारागीर कसं जमवत असतील? याचं एक उत्तर अगदी अनपेक्षित माणसाने शोधलं. अर्नेस्ट हॅन्बरी हँकिन हा ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञ आग्र्याला सरकारी नोकरीत होता. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू का मरतात यावर त्याने १८९६ मध्ये लिहिलं, आणि त्याचं नाव आजही निघतं ते बहुतेक त्याच कामासाठी. पण त्याला नक्षीचंही वेड होतं. फतेहपूर सिक्रीच्या एका हमामात त्याला गिलाव्यावर नक्षीबरोबरच अगदी पुसट ओरखडे दिसले. त्या होत्या कारागिराने आखणीसाठी मारलेल्या आणि पुसायच्या राहिलेल्या रेषा. त्या रेषांमध्ये चांदण्या नव्हत्या, नुसते बहुकोन होते.

हँकिनने त्यावरून पद्धत ओळखली आणि १९२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पुस्तिकेत ती मांडली. आधी भिंत बहुकोनांनी भरून काढायची, उदाहरणार्थ अष्टकोन आणि त्यांच्यामध्ये उरणारे चौकोन. प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू घ्यायचा आणि तिथून फुलीसारख्या दोन रेषा बाजूशी समान कोनात, समजा ६० अंशांत, दोन्हीकडे काढायच्या. प्रत्येक रेषा शेजारच्या बाजूवरून येणाऱ्या रेषेला भेटेपर्यंत वाढवायची. अष्टकोनात आठ टोकांची चांदणी तयार होते, चौकोनात चार टोकांची. मग मूळचे बहुकोन पुसून टाकायचे. पाहणाऱ्याला चांदण्या दिसतात, ज्या सांगाड्यावर त्या उभ्या आहेत तो दिसत नाही. शिवाय प्रत्येक मध्यबिंदूवर दोनच रेषा एकमेकींना छेदतात, त्यामुळे वर-खालीची गुंफणही विनासायास जमते. ही युक्ती मला आजही विलक्षण सुंदर वाटते.

इराणच्या इस्फहानमधल्या दर्ब-ए-इमाम या १४५३ सालच्या वास्तूवर तर अशीच आखणी आणखी पुढे गेलेली आहे. भौतिकशास्त्रज्ञ पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की अशी नक्षी पाच ठरावीक आकारांच्या फरशांवरून मांडता येते आणि तिथली नक्षी गणितज्ञ रॉजर पेनरोझच्या १९७० च्या दशकातल्या, ठरावीक अंतराने तशाच्या तशा पुन्हा न येणाऱ्या रचनांच्या अगदी जवळ जाते.

ही भूमिती आपल्याकडे सगळीकडे सारखी का फुलली नाही? याचं मोठं कारण दगड आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा. त्यातली खनिजं काठिण्याच्या मोजपट्टीवर सहाच्या आसपास येतात, संगमरवरातलं कॅल्साइट तीनवर. बेसाल्टच्या पातळ, मोठ्या, बिनभेगांच्या फळ्या सहजी निघत नाहीत, आणि निघाल्या तरी त्यात बोटाएवढ्या जाडीची पट्टी शिल्लक ठेवून आरपार छिद्रं पाडणं म्हणजे महिन्यांचं काम एका चुकीच्या ठोक्यावर टांगून ठेवणं. कोंडाणे लेण्यांमधल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी लाकडी जाळीची नक्कल केली, पण उठावात. आरपार नाही.

जिथे दगड मऊ तिथे जाळी बहरली. बेलूरच्या १११७ मध्ये उभारायला घेतलेल्या चेन्नकेशव मंदिराच्या जाळ्या खाणीतून काढताना मऊ असणाऱ्या दगडात आहेत. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतलं ते प्रसिद्ध झाड, १५७२-७३ सालचं, वालुकाश्मात आहे. आणि महाराष्ट्रातली सगळ्यात देखणी संगमरवरी जाळी पाहायची तर छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यात जावं. दरवाज्यावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपत राय हा अभियंता, अशी दोघांची नावं आहेत. काम १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झालं. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या थडग्याला अष्टकोनी संगमरवरी जाळीचा वेढा आहे आणि आपण तो वरून, सज्ज्यावरून वाकून पाहतो. हा दगड बाहेरून आला. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए याला वाटेत संगमरवराने भरलेल्या तीनशेक गाड्या दिसल्या, आणि त्यातल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असं त्याने नोंदवलं आहे.

नागपूर या बाबतीत सीमेवर बसलेलं शहर आहे. पश्चिमेकडे बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. आणि कामठीकडे गेलं की वालुकाश्म. वालुकाश्म थरांचा असतो, त्याच्या फळ्या निघतात, छिन्नीखाली तो ऐकतो. पण नागपूरचं खरं धन सागवान. आलापल्ली-बल्लारशाच्या जंगलातलं लाकूड देशभर जातं. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं आणि दगडी जाळ्या राजस्थानातल्या राजनगरहून आणि नोएडाहून आल्या. लाकूड आमचं, जाळी दुसऱ्यांची, याची मला रुखरुख लागते.

लाकडाच्या जाळीचे दोन प्रकार. एक अखंड फळीत कोरलेली. नक्षी फळीवर उतरवायची, प्रत्येक पोकळीत गिरमिटाने भोक पाडायचं, त्यातून बारीक करवतीचं पातं ओवून पोकळी कापायची, आणि मग पटाशी आणि कानशीने कडा साफ करायच्या. इथे लाकडाच्या तंतूंची दिशा सांभाळावी लागते. सागवानाचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात, त्यांना आडवी जाणारी बारीक पट्टी जराशा दाबानेही कट्कन तुटते. म्हणून जाणता सुतार नक्षीतल्या आडव्या पट्ट्या उभ्यांपेक्षा किंचित जाड ठेवतो आणि पाहणाऱ्याला ते कळूही देत नाही. दुसरा प्रकार पट्ट्या खाचा पाडून एकमेकींत बसवण्याचा. त्यात प्रत्येक पट्टी आपल्या तंतूच्या दिशेने धावते, म्हणून ती टिकाऊ. शिवाय गुंफण भासाची राहत नाही, एक पट्टी दुसरीच्या खाचेत खरोखर बसलेली असते.

सिमेंटला तंतू नाहीत, त्यामुळे दिशेचं बंधन नाही. ते ताणाखाली तुटतं, म्हणून आतली तार. गेल्या शतकाच्या मधल्या काळात ही जाळी जगभर गाजली. वास्तुकार एडवर्ड स्टोनने दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीला १९५९ मध्ये जाळीची वेष्टणं दिली. केरळात वास्तुकार लॉरी बेकरने साध्या विटा सोडसोडून रचून जाळीच्या भिंती बांधल्या, कारण त्यात विटा कमी लागत. नागपूरच्या नव्या वस्त्यांमध्ये सिमेंटची जाळी आली ती स्वस्त होती म्हणून, आणि राहिली ती उन्हामुळे.

नागपूरचं ऊन ही थट्टेची गोष्ट नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. जाळी अशा वेळी काय करते याबद्दल एक समज फार पसरला आहे, की अरुंद छिद्रातून जाताना वारा आपोआप गार होतो. तसं होत नाही. छिद्रात वाऱ्याचा वेग वाढतो, तापमान तेवढंच राहतं. आपल्याला गार वाटतं ते वाऱ्याने घाम उडतो म्हणून. मे महिन्याच्या भर दुपारी लू वाहत असेल तर उघडी जाळी घरात लूच आणते, म्हणून तर इथे वाळ्याच्या टट्ट्या आल्या आणि पुढे कूलर आला.

जाळीचं खरं काम ऊन अडवण्याचं आहे, आणि ते मोजता येतं. जाळी दोन इंच जाड आणि छिद्र दोन इंच उंच असेल तर ४५ अंशांपेक्षा वरून येणारा एकही थेट किरण आत येत नाही, तो छिद्राच्या खालच्या कडेवरच अडतो. मे महिन्यात नागपुरात पश्चिमेचा सूर्य दुपारी तीन वाजून जाईपर्यंत ४५ अंशांच्या वरच असतो. म्हणजे सगळ्यात कडक उन्हात जाळी पूर्ण सावली देते आणि तरीही प्रकाश आणि वारा अडवत नाही. पाच वाजता सूर्य साधारण २३ अंशांवर उतरतो. तेव्हा छिद्राच्या उंचीचा काही भाग अजूनही कडेच्या सावलीत असतो. भिंतीचा निम्मा भाग छिद्रांचा धरला तर थेट ऊन तीस टक्क्यांच्या आत येतं, तेही सूर्य अगदी समोर असेल तर. छज्जा संध्याकाळचं तिरपं ऊन अडवू शकत नाही, काच तर अजिबात नाही. इथे कळीचा मुद्दा जाडीचा. छिद्र किती सुंदर आहे यापेक्षा ते किती खोल आहे यावर खोली किती तापेल ते ठरतं.

म्हणूनच आजच्या, संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशिनवर कापलेल्या जाळीबद्दल माझं मत संमिश्र आहे. मशिन चांगलं आहे. दहा टोकांची चांदणी, जिला हाताने आठवडे लागले असते, ती तासाभरात कापून निघते आणि ज्याला परवडत नव्हतं त्याच्या देवघराच्या दारावरही येते. हे चांगलंच झालं. पण बहुतेक पाट्या पाऊण इंचाच्या किंवा त्याहून पातळ. दाराला ठीक, पश्चिमेच्या भिंतीला निरुपयोगी. दुसरं नुकसान नक्षीचं. मशिनवाला सपाट पाटीला भोकं पाडून देतो, पट्टी कुठे वरून जाते आणि कुठे खालून हे त्यात कुठेच उमटत नाही. नुसती बाह्यरेषा उरते, गुंफण हरवते. खरं तर तेच मशिन छेदांवर उथळ चर मारू शकतं. थोडा वेळ जास्त लागतो, पण सांगितलं तर करून मिळतं. सांगणारा पाहिजे.

जाळीच्या तक्रारीही खऱ्या आहेत. धूळ बसते, कबुतरं घरटी करतात, पावसाचे शिंतोडे येतात, डास येतात. लोक आतून डासांची जाळी ठोकतात, कुणी प्लायवूड लावून बंदच करून टाकतं. त्यांना दोष देता येत नाही. पण जिना, व्हरांडा, गच्चीवरच्या टाकीची भिंत, दुचाकी लावायची जागा, इथे यातली एकही तक्रार फारशी टिकत नाही.

सक्करदऱ्यातली जुनी घरं आता एकामागून एक फ्लॅट स्कीमला जात आहेत. जिना पाडताना जाळीवर हातोडा पहिल्याच दिवशी पडतो, कारण ती सगळ्यात सोपी तुटते. तुमचं किंवा शेजाऱ्याचं घर पाडायला निघालं असेल तर हातोडा पडण्याआधी एक काम करा. मोजपट्टी घेऊन एका ठोकळ्याची बाजू, जाडी, कमानीची खोली मोजून वहीत उतरवा आणि चार ठोकळे जुळतात तिथला फोटो घ्या. शक्य असेल तर दोन-चार ठोकळे गवंड्याकडून सुटे काढून ठेवा, कारण साच्याची नक्कल त्यावरून करता येते. आणि नवं घर बांधत असाल तर पश्चिमेच्या जिन्याला जाळी लावा, तिची जाडी छिद्राच्या उंचीइतकी ठेवा, आणि ठोकळा निवडताना एकटा ठोकळा पाहू नका, दुकानदाराला चार ठोकळे जमिनीवर मांडून दाखवायला सांगा.